वाचकांचे प्रश्न : राजधान्या मोजाव्यात, मुलूख नव्हे

संगणकावरील खेळांविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे 'सिव्हिलायझेशन ६' या एकाच खेळाविषयीची निघाली, आणि त्यांतील तक्रारही जवळजवळ सारखीच होती : लढाया जिंकल्या जातात, पण डाव हातून जातो. म्हणून हे सदर या वेळी त्याच विषयाला दिले आहे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, २०१६ मध्ये आलेल्या या खेळात ख्रिस्तपूर्व ४००० पासून एक संस्कृती वाढवत न्यायची असते, बुद्धिबळाप्रमाणे प्रत्येक जण आपापल्या टर्नला खेळी करतो, आणि नकाशा षट्कोनी घरांचा असतो. विज्ञान, संस्कृती, धर्म अशा निरनिराळ्या मार्गांनी डाव जिंकता येतो. त्यांपैकी 'डॉमिनेशन' म्हणजे दिग्विजयाच्या मार्गाविषयीचे हे प्रश्न आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चंद्रगुप्त हा राजा घेऊन, 'किंग' या काठिण्यपातळीवर आणि आठ संस्कृतींच्या नकाशावर मी दिग्विजयाचा डाव मांडला. टर्न ६० ला पहिले युद्ध पुकारले ते ११० ला संपले, आणि लगेच दुसरे सुरू केले. टर्न १८० पर्यंत माझ्याकडे जिंकलेली अकरा शहरे होती. त्यानंतर मात्र प्रजा नाराज झाली, सैन्य जुनाट ठरले आणि समुद्रापलीकडच्या एका संस्कृतीने अंतराळ मोहीम पूर्ण करून डाव जिंकला. माझे नेमके कुठे चुकले? (धरमपेठ)

उत्तर : तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. आठ संस्कृतींच्या डावात तुम्हाला सात राजधान्या घ्यायच्या होत्या. तुम्ही अकरा शहरे घेतली खरी, परंतु ती दोनच शेजाऱ्यांची असल्यामुळे त्यांत मोजणीस पात्र अशा राजधान्या दोनच होत्या. उरलेली नऊ शहरे दिग्विजयाच्या हिशेबात शून्य धरली जातात, आणि त्या नऊ शहरांसाठी तुम्ही किमान साठ-सत्तर टर्न घालवले असावेत.

या खेळातील नियम असा आहे की, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची मूळ राजधानी, म्हणजे त्याने डावात सर्वप्रथम वसवलेली राजधानी, तुमच्या ताब्यात असली पाहिजे. ती पडल्यावर त्याने दुसऱ्या शहरात राजवाडा हलवला, तरी ते दुसरे शहर मोजणीत येत नाही. मूळ राजधानी जाळून नामशेष करण्याची मुभा खेळ देत नाही, त्यामुळे ती नकाशावर सदैव कोणाच्या तरी हाती असते. ती तिसऱ्याच कोणी जिंकली असेल, तर तुम्हाला त्या तिसऱ्याकडून ती घ्यावी लागते. या खेळाच्या पहिल्या आवृत्त्यांत, म्हणजे १९९१ पासूनच्या, शत्रूचे शेवटचे शहर संपेपर्यंत लढणे हाच विजयाचा अर्थ होता, आणि शत्रूची एकेक झोपडी शोधून पाडण्याची आपल्या पिढीची सवय आणखी एका लोकप्रिय खेळाने सायबर कॅफेत लावली. ती सवय येथे महागात पडते. शेजाऱ्याची राजधानी आणि तिच्या वाटेवरची एक-दोन शहरे हातात आली की, तहाची बोलणी सुरू करावीत, आणि त्या तहात व्यापलेली शहरे रीतसर आपल्या नावावर करून घ्यावीत, कारण व्यापलेल्या अवस्थेत ती वाढत नाहीत.

दुसरी चूक वेळेची आहे, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा मोठी आहे. तुम्ही चंद्रगुप्त निवडला होता. 'मिलिटरी ट्रेनिंग' हा टप्पा गाठल्यावर त्याला राज्यविस्ताराचे युद्ध पुकारता येते, आणि त्या युद्धाच्या पहिल्या १० टर्नपर्यंत त्याच्या फौजेला २ घरांची जास्तीची चाल आणि ५ गुणांचे जास्तीचे बळ मिळते. तुमचे युद्ध ५० टर्न चालले. म्हणजे उरलेले ४० टर्न तुम्ही चंद्रगुप्त नसल्यासारखेच लढलात. हे दहा टर्न वाया जाऊ नयेत म्हणून युद्ध पुकारण्याच्या क्षणी सगळी फौज सीमेवर, लक्ष्यापासून दोन-तीन घरांवर उभी असली पाहिजे, आणि सर्वांत मंद चालणारी गोफणयंत्रे (कॅटपुल्ट) सर्वांत आधी निघालेली असली पाहिजेत. सीमेवर फौज जमली की शेजारी राजा विचारणा करतो. त्याला काय उत्तर द्यायचे, हे मी तुमच्या सद्सद्विवेकावर सोडतो.

५ गुण थोडे वाटतात, पण या खेळातील मारामारीचा हिशेब सरळ बेरजेचा नाही. प्रत्येक तुकडीचे आयुष्य १०० असते. दोन्ही बाजूंचे बळ समान असेल, तर एका झटापटीत प्रत्येकीचे सरासरी ३० घटतात. १० गुणांचा फरक असेल, तर दुबळ्या तुकडीचे सुमारे ४५ आणि बलवान तुकडीचे केवळ २० घटतात. फरक ३० वर गेला की दुबळी तुकडी जवळपास एकाच घावात संपते. चंद्रगुप्ताचे ५, त्याच्या 'वरु' या हत्तीदळामुळे शेजारच्या शत्रू तुकडीचे घटलेले ५, आणि दोन घरांच्या आत महान सेनापती असेल तर त्याचे आणखी ५, अशी बेरीज केली तर तुमच्या लक्षात येईल की, संख्या न वाढवताही लढाई एकतर्फी करता येते. उलट शत्रूने तंत्रज्ञानात एक पाऊल पुढे टाकले की हाच हिशेब तुमच्यावर उलटतो, आणि टर्न १८० ला तुमचे तेच झाले.

विदर्भातल्या शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पावसानंतर जमीन पेरणीजोगी होते ते मोजकेच दिवस असतात, त्याआधी तिफण चिखलात रुतते आणि नंतर बी कोरड्यात पडते. दिग्विजयाच्या डावातही असे तीन वाफसे येतात. पहिला तलवारी आणि हत्ती-घोड्यांचा, जेव्हा बहुतेक शेजाऱ्यांच्या शहरांना अजून तट नसतो. दुसरा बोंबार्ड तोफांचा, जेव्हा मध्ययुगीन तट ढासळू लागतात. तिसरा आधुनिक तोफखाना आणि निरीक्षण फुग्यांचा. मधल्या काळात युद्ध थांबवून विद्यापीठे, बाजारपेठा आणि कारखाने उभे करावेत, पुढच्या वाफशासाठी स्वस्तातल्या जुन्या तुकड्या आधीच बांधून ठेवाव्यात, आणि नवे तंत्र हाती येताच 'प्रोफेशनल आर्मी' हे धोरण लावून त्या अर्ध्या खर्चात अद्ययावत कराव्यात. तुम्ही १२० टर्न सलग लढलात आणि त्या काळात विज्ञानाकडे पाहिलेच नाही, असे पत्रावरून दिसते. समुद्रापलीकडचा तो राजा त्या काळात शांतपणे अभ्यास करत होता.

राहिला क्रम. पहिला बळी जवळचा असावा, दुसरा मात्र जवळचा असण्यापेक्षा पुढे गेलेला असावा. जो प्रतिस्पर्धी विज्ञानात आघाडीवर आहे किंवा ज्याने स्वतःच दोन-तीन राजधान्या गिळल्या आहेत, त्याला जितका उशीर कराल तितका तो जड जाईल. दुबळा राजा आहे तिथेच दुबळा राहतो. त्याला शेवटी घेतले तरी चालते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून नातवासोबत हा खेळ खेळू लागलो आहे. आमच्या सैन्यात तलवारबाज आणि धनुर्धारी भरपूर असतात, तरीही तटबंदी असलेल्या शहरापुढे आमची फौज नुसती झिजते. शहराला वेढा घातला आहे असे आम्ही समजतो, परंतु ते पुन्हा पुन्हा सावरते. नातू म्हणतो की, आजोबा, आणखी सैन्य आणू. मला ते पटत नाही. (महाल)

उत्तर : आपले मत बरोबर आहे, नातवाला तसे जरूर सांगावे. तटबंदीपुढे माणसांची संख्या उपयोगी पडत नाही, तेथे हत्यार वेगळे लागते.

शहराला दोन स्वतंत्र पट्ट्या असतात. एक शहराच्या स्वतःच्या आयुष्याची, ती २०० ची असते, आणि दुसरी तटाची. तट उभा असेपर्यंत तलवारबाजाचा बहुतेक मार तटावर आपटून वाया जातो, आणि धनुर्धाऱ्याचे बाणही शहरावर फारसे चालत नाहीत. शिवाय तट असलेले शहर दर टर्नला दोन घरांपर्यंत स्वतः मारा करते. म्हणजे आपली माणसे मरतात आणि तटाला ओरखडाही उठत नाही. यावर सुरुवातीच्या काळातला स्वस्त उपाय म्हणजे टक्करयंत्र, ज्याला खेळात बॅटरिंग रॅम म्हणतात. ते शहराला लागून उभे केले की, शेजारच्या पायदळाचा पूर्ण मार तटावर बसतो. मात्र ते प्राचीन काळातील तटापुरतेच चालते. पुढच्या, मध्ययुगीन तटासाठी सीज टॉवर म्हणजे चाकांवरचा मनोरा लागतो, ज्यामुळे पायदळ तट ओलांडून थेट शहरावर मारा करते. ही दोन्ही साधने घोडदळाच्या उपयोगाची नाहीत, आणि प्रतिस्पर्ध्याने 'स्टील' हे तंत्रज्ञान मिळवल्यावर तर दोन्ही निरुपयोगी ठरतात. तेव्हा तोफखान्याखेरीज गत्यंतर उरत नाही.

आता वेढ्याविषयी. शहराभोवती गर्दी केली म्हणजे वेढा पडत नाही. भोवतालची सहाही घरे एकतर आपल्या तुकडीने व्यापलेली किंवा आपल्या तुकडीच्या धाकाखाली असली पाहिजेत, तरच शहराचे दर टर्नचे २० गुणांचे सावरणे थांबते. पायदळ आणि घोडदळ आपल्या शेजारच्या घरांवर असा धाक ठेवतात, धनुर्धारी आणि गोफणयंत्रे ठेवत नाहीत. आपला वेढा बहुधा येथेच फसत असावा. शहराच्या समोरासमोरच्या बाजूंना पायदळाच्या दोन तुकड्या, आणि डोंगर-पाणी आड येत असेल तर तिसरी, एवढ्याने वर्तुळ पूर्ण होते. उरलेल्या घरांवर गोफणयंत्रे आणि टक्करयंत्र ठेवावे. जमिनीवरून शहर प्रत्यक्ष ताब्यात घेण्याचे काम पायदळ किंवा घोडदळच करू शकते. म्हणून शेवटच्या धडकेसाठी एक ताजीतवानी तुकडी राखून ठेवावी, नाहीतर शहराचे आयुष्य शून्यावर आणूनही आत शिरायला कोणी उरत नाही. हा प्रसंग माझ्यावर एकाच डावात दोनदा आलेला आहे.

नातवाला गाविलगडाची हकीकत सांगता येईल. तो किल्ला नागपूरकर भोसल्यांचा, चिखलदऱ्याजवळचा. १८०३ मध्ये आडगावची लढाई २९ नोव्हेंबरला झाली, त्यानंतर इंग्रज फौज अचलपुरावरून गाविलगडावर आली. दक्षिणेकडून चढ इतका उभा होता की, तेथल्या तोफांनी काही साधण्यासारखे नव्हते. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून रस्ता काढत अवजड तोफा ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या. त्यात कित्येक दिवस गेले. एवढे होऊन तोफा डागल्या गेल्यानंतर दोन-तीन दिवसांतच, १५ डिसेंबरला, बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून सैन्य आत शिरले, आणि आतला तट काही शिपायांनी चढून जाऊन दरवाजा उघडला. बहुतेक वेळ तोफा योग्य जागी नेण्यात गेला. खेळातही गोफणयंत्र किंवा तोफ ज्या टर्नला चालते त्या टर्नला सहसा मारा करू शकत नाही. म्हणून तिची जागा आधी हेरावी, शक्यतो शहराच्या माऱ्याचे लक्ष दुसऱ्या तुकडीकडे गुंतलेले असताना ती जागेवर आणावी, आणि तोफा पोहोचण्याआधी पायदळाला तटाला भिडू देऊ नये. नातवाला हे शेवटचे पाळणे सर्वांत अवघड जाईल.

प्रश्न : जिंकलेली शहरे सात-आठ टर्नमध्ये बंड करून 'मुक्त शहर' होतात. पुन्हा जिंकावीत तर पुन्हा बंड करतात. एका शहरात मी तीन तुकड्या ठेवल्या, तरी उपयोग झाला नाही. (मानेवाडा)

उत्तर : हा प्रश्न २०१८ च्या 'राइज अँड फॉल' या विस्तारापासून निर्माण झाला. त्या विस्ताराने प्रत्येक शहराला निष्ठेची १०० पर्यंतची पट्टी दिली, आणि ती शून्यावर आली की शहर मुक्त होते. निष्ठा ठरते ती मुख्यतः ९ घरांच्या आत राहणाऱ्या लोकसंख्येवरून. आपली वस्ती आपल्याकडे ओढते, परकी वस्ती परक्याकडे, आणि अंतर वाढेल तसा हा ओढा कमी होत जातो. शत्रूच्या मुलखाच्या मधोमध एकटे शहर घेतले, तर त्याच्या चारही बाजूंना शत्रूचीच माणसे असतात. तेथे तीन तुकड्या ठेवल्या काय आणि तेरा ठेवल्या काय, ओढा तोच राहतो.

उपाय तुकड्यांच्या संख्येत नाहीत. पहिला उपाय राज्यपाल. तो शहरात स्थिरावला की दर टर्नला ८ निष्ठा मिळते. बाकीच्या राज्यपालांना स्थिरावण्यास ५ टर्न लागतात, व्हिक्टर नावाच्या राज्यपालाला ३ लागतात. म्हणून दिग्विजयाच्या डावात व्हिक्टर सदैव आघाडीमागे फिरता ठेवावा. दुसरा उपाय 'लिमिटानेई' हे धोरण, ज्यामुळे शिबंदी असलेल्या शहराला दर टर्नला २ निष्ठा मिळते. शिबंदीला एक तुकडी पुरते, बाकीच्या दोन तुकड्या तुम्ही पुढच्या शहरावर पाठवायला हव्या होत्या. कारण तिसरा आणि खरा उपाय म्हणजे शेजारची शहरे लागोपाठ घेणे. ओढणारे शहरच तुमचे झाले की ओढ्याची दिशा बदलते, आणि राजधानीची लोकसंख्या सर्वांत जास्त असल्यामुळे ती लवकर घेतली तर बाकीची शहरे आपोआप डळमळू लागतात. काही वेळा ती स्वतःच बंड करून बाहेर पडतात, आणि मुक्त शहर घेण्यासाठी कोणाशी युद्ध पुकारावे लागत नाही.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. या विस्तारात कामगिरीनुसार प्रत्येक संस्कृतीच्या वाट्याला सुवर्णयुग, साधे युग किंवा अंधारयुग येते. सुवर्णयुगातील प्रजेचा ओढा दीडपट आणि अंधारयुगातील प्रजेचा ओढा निम्मा धरला जातो. म्हणजे तुम्ही सुवर्णयुगात आणि शत्रू अंधारयुगात असेल, तर अंतर सारखे धरल्यास तुमचा एक माणूस त्याच्या तिघांना भारी पडतो. मी तर एखादे युद्ध केवळ यासाठी दहा टर्न पुढे ढकललेले आहे.

तरीही एखादे लांबचे शहर टिकणारच नाही, असे दिसत असेल आणि ती राजधानी नसेल, तर ते घेऊच नये, किंवा घेतल्यावर तहात सोन्याच्या बदल्यात परत द्यावे. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून जात होत्या. त्या मोहिमांचा पहिला सेनानी भास्करपंत कोल्हटकर १७४४ मध्ये दगाफटक्याने मारला गेला, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेर १७५१ च्या तहात नागपूरकरांनी काय मिळवले ते पाहावे : बंगालचा सुभा नवाब अलीवर्दीखानाकडेच राहिला, त्याच्याकडून सालिना १२ लाख रुपये चौथाई ठरली, आणि ओडिशा मात्र ताब्यात आला. छत्तीसगडच्या वाटेने जोडलेला तो मुलूख १८०३ पर्यंत नागपूरकडे टिकला.

प्रश्न : माझी सगळी फौज आघाडीवर असते आणि तेवढ्यात तिसराच कोणी माझ्या घरावर चालून येतो. घरी किती सैन्य ठेवावे? (सक्करदरा)

उत्तर : शक्य तितके थोडे, पण योग्य जागी. टेकडीवर किंवा जंगलात उभ्या तुकडीला बचावासाठी ३ गुण जास्त मिळतात, आणि तट बांधलेले शहर स्वतः मारा करते. सीमेवरच्या शहराला तट, शेजारच्या टेकडीवर एक धनुर्धारी तुकडी आणि तिच्या पुढे एक भालाईत, एवढ्यावर संगणकाचे सैन्य मी अनेकदा थोपवले आहे. आपण नागपूरकरांनी तर हे विसरू नये. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर इंग्रजांची लहानशी फौज होती आणि खाली आप्पासाहेब भोसल्यांची तिच्या कित्येक पट. टेकड्या ज्यांच्या हाती राहिल्या, त्यांचेच पारडे जड झाले.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे ज्यांच्याशी लढायचे नाही, त्यांच्याशी आधीच मैत्रीचा करार करणे. अचानक युद्ध पुकारल्यास सगळ्या दरबारांत तुमच्याविषयीचा राग फार वाढतो. आधी जाहीर निषेध नोंदवून, ५ टर्न थांबून रीतसर युद्ध पुकारले तर तो कमी राहतो.

प्रश्न : माझ्या डावात शेजारच्या संस्कृतीचे नेते म्हणून गांधीजी आले आहेत. त्यांच्याकडून अणुबॉम्बचा धोका असतो, असे मित्र सांगतात. हे खरे आहे का? (हिंगणा रोड)

उत्तर : पहिल्या आवृत्तीत हिशेबातल्या चुकीमुळे गांधीजी आक्रमक होत, ही कथा खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षे फिरली, पण खेळाचे जनक सिड मायर यांनीच ती नाकारली आहे. सहाव्या आवृत्तीत निर्मात्यांनी मात्र थट्टा म्हणून गांधीजींना अण्वस्त्रांची छुपी आवड मिळण्याची शक्यता मुद्दाम मोठी ठेवली. त्यांचा उघड स्वभाव आक्रमक ठरेल असे युद्ध न पुकारण्याचा आहे. त्यामुळे अणुयुगापर्यंत ती सीमा निर्धास्त समजावी आणि फौज दुसरीकडे वळवावी. अणुयुग येईपर्यंत तुमचा डाव संपलेला असायला हवा.

प्रश्न : चार-पाच राजधान्या हाती आल्यावर विजय निश्चित दिसतो, तरी शेवटचे शंभर टर्न संपता संपत नाहीत. एकेका टर्नला संगणक इतका वेळ घेतो की, मे महिन्यात कूलरसमोर बसूनही तो माझ्याआधी तापतो. यावर काही उपाय आहे का? (काटोल रोड)

उत्तर : आहे, पण तो डाव मांडतानाच करावा लागतो. बरेच जण वेग वाढवतात, म्हणजे प्रमाण ५०० टर्नऐवजी २५० टर्नचा 'ऑनलाइन' वेग निवडतात. दिग्विजयासाठी हे घातक आहे. वेग वाढवला की तंत्रज्ञान झपाट्याने पुढे जाते, पण फौजेची चाल मात्र तीच राहते. तलवारबाज शत्रूच्या दारात पोहोचेपर्यंत समोर बंदूकधारी उभा असतो. १५०० टर्नच्या 'मॅरेथॉन' वेगात याच्या उलट घडते आणि एकाच शस्त्राच्या जोरावर दोन-दोन राजधान्या पडतात, परंतु तुमची तक्रार पाहता तो सल्ला मी देणार नाही. वेग प्रमाणच ठेवून नकाशा लहान करावा. 'टायनी' नकाशावर चार संस्कृती असतात, म्हणजे घ्यायच्या राजधान्या तीनच. भूभाग एकसंध निवडला तर समुद्र ओलांडण्याचेही काम उरत नाही, आणि संगणकालाही कमी हिशेब करावा लागतो.

चालू डाव मात्र आरमाराने संपवावा. उरलेल्या राजधान्या किनाऱ्यावर असतील तर युद्धनौकांचा मारा ३ घरांपर्यंत पोहोचतो आणि शहराचा २ पर्यंतच. त्यामुळे नौका सुखरूप राहून तट उतरवतात. मग एखादी विनाशिका पुढे घालून शहर थेट ताब्यात घेता येते, पायदळ उतरवण्याची गरज राहत नाही. राजधानी आत असेल तर तोफखान्यासोबत निरीक्षण फुगा न्यावा, त्यामुळे तोफेचा पल्लाही एका घराने वाढून ३ होतो आणि तोफा शहराच्या माऱ्याबाहेर राहतात. राष्ट्रवादाच्या टप्प्यानंतर दोन सारख्या तुकड्या एकत्र करून कोअर बनवता येते. तिचे बळ १० गुणांनी वाढते आणि हलवायच्या सोंगट्याही कमी होतात. मधली शहरे सोडून द्यावीत, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहू नये. शेवटच्या शंभर टर्नमधले निदान साठ टर्न अशाच बिनकामाच्या शहरांवर खर्च होतात.

प्रश्न : मराठ्यांच्या बाजूने दिग्विजय करता येईल, असा टर्नवर चालणारा खेळ आहे का? (महाल)

उत्तर : 'सिव्हिलायझेशन ६' मध्ये मराठे नाहीत. २००९ मध्ये आलेल्या 'एम्पायर : टोटल वॉर' या खेळात मात्र मराठा सत्ता घेऊन खेळता येते. तेथे राज्यकारभार आणि मोहिमा टर्नवर चालतात, वर्षाला दोन टर्न या हिशेबाने, पण प्रत्यक्ष लढाई सुरू झाली की ती टर्नवर चालत नाही, सैन्य डोळ्यांदेखत चालत असते. त्या खेळात राजधान्या नव्हे, तर प्रांत मोजले जातात, त्यामुळे वर दिलेला बहुतेक सल्ला तेथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. तो डाव १७०० मध्ये सुरू होतो. नागपूरची भोसल्यांची गादी तेव्हा अजून उभी राहायची होती. म्हणून येथून निघण्याची हौस बाजूला ठेवून सुरुवात सह्याद्रीकडूनच करावी लागेल.